कळवतो

“मुलीची पत्रिका एका वेळी एकाच घरी जाईल,” कुमुदकाकू म्हणाल्या. “तिथून उत्तर आलं, की मग पुढच्या घरी. आणि मुलाची जाऊ दे की कितीही. मुलाला काय होतंय?”

मी लॅपटॉपवरून मान वर केली. “एकदम दहा घरी गेली तरी?”

“वीस जाऊ दे.”

सांगलीच्या गावभागात काकूंच्या घराची पुढची खोली म्हणजे आमच्या ज्ञातीचं वधूवर मंडळ. तीस वर्षं त्या एकट्याच ते चालवत होत्या. आता मंडळाची वेबसाइट करायची ठरली होती आणि ते काम विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या कंपनीकडे आलं होतं. कंपनी म्हणजे सारंग सर, मी आणि येऊन जाऊन असणारे दोघंतिघं. प्रोग्रॅम लिहिणारी मी. आणि गंमत म्हणजे याच मंडळात माझीही पत्रिका होती, आईनं भरलेली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, म्हणजे आईच्या हिशोबानं पस्तिशीची.

“मुलींनाच का हा नियम?” मी विचारलं.

“अगं, आपली घरं किती? मोजून मापून. सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. एकाच वेळी चार घरांतून नकार आला, तर पाचव्या घरात पत्रिका उघडत सुद्धा नाहीत. म्हणतात, काहीतरी असेल. एकेक गेली तर कुठं काय झालं ते त्या घराला आणि मला, दोघांनाच कळतं. मुलीची झाकली मूठ राहते.”

काकू खोटं सांगताहेत असं वाटण्याजोगं त्यात काही नव्हतं. काकूंनी अशा कित्येक मुठी झाकून ठेवल्या होत्या.

साइटचं काम मोठं होतं. एक नवा मुलगा आला, की त्याची पत्रिका सगळ्या मुलींशी जुळवायची, छत्तिसातले गुण काढायचे, जुळेल तिचं सुबक पान तयार करायचं, ते मेलनं पाठवायचं आणि वर मेसेज टाकायचा. हे सगळं एकापाठोपाठ करत बसलं तर साइट ठप्प. माहिती भरणारा बाप पडद्यावरचं फिरतं चाक बघत बसणार आणि शेवटी काकूंनाच फोन करणार. म्हणून मी रांग केली. आलेलं प्रत्येक काम चिठ्ठीसारखं रांगेत लावायचं आणि बापाला लगेच सांगायचं, ‘तुमचं काम घेतलं आहे.’ मागे आठ प्रोग्रॅम एकाच वेळी चालू. जो मोकळा होईल त्यानं पुढची चिठ्ठी उचलायची.

काकूंना हे समजावताना माझी दमछाक झाली. त्यांनीच ते सोपं केलं. “म्हणजे पंगतीतले वाढपी की गं. एक भात घेऊन निघाला, दुसरा वरण. एकाचं संपायची वाट दुसरा बघत नाही.”

तेव्हापासून ऑफिसात आम्ही त्या आठ जणांना वाढपीच म्हणायला लागलो. “वाढपी झोपलेत,” “एक वाढपी पडला,” असं आमचं चाले.

मुलांच्या कामांना आठही वाढपी मोकळे. मुलींच्या कामांना मात्र मी कुलूप घातलं. मुलीची पत्रिका एका घरी गेली, की तिच्या नावावर कुलूप पडायचं. त्या घरानं ‘होकार’ किंवा ‘नकार’ दाबला की ते निघायचं, आणि तोवर तिची पुढची चिठ्ठी कुठलाही वाढपी उचलायचा नाही. होकार-नकाराची बटणं मुलाकडच्यांच्या पानावर. मुलीच्या पानावर फक्त एक ओळ: ‘उत्तराची प्रतीक्षा आहे.’

“आणि उत्तरच आलं नाही तर?” मी विचारलं होतं. “मुदत घालू या. महिन्याभरात उत्तर नाही तर कुलूप आपोआप निघेल.”

“छे! चांगल्या घरची माणसं उत्तर देतात. मुदत कसली घालतीस, वीजबिल आहे का ते?”

शेवटी तडजोड झाली. दर पंधरवड्याला मुलाकडे आठवणीचा मेसेज जाणार, आणि कुठलंतरी बटण दाबेपर्यंत रोज जात राहणार. आणि काकूंच्या आग्रहावरून तिसरं बटण आलं: ‘कळवतो’. कांदेपोहे खाऊन उठताना आपल्याकडे सगळे हेच म्हणतात, तेव्हा साइटवरही ते पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं. ते दाबलं की पुढच्या पंधरवड्यापर्यंत आठवण बंद, कुलूप मात्र तसंच.

साइट चालू झाली आणि दिवाळीनंतर माझी पत्रिका इस्लामपूरच्या एका घरी गेली. मुलगा श्रीनिवास, पुण्यात नोकरीला. आईवडलांना घेऊन तो आमच्याकडे आला. त्याच्या आईनं पोह्यांचं कौतुक केलं, “लिंबू कसं बेतानं पिळलंय हो,” आणि तेवढ्यावर माझ्या आईचा चेहरा असा उजळला की जणू साखरपुडाच झाला. निघताना त्या म्हणाल्या, “कळवतो हं.”

श्रीनिवास मला आवडला. उगाच लपवत नाही. तो कमी बोलायचा, पण विचारलेलं लक्षात ठेवायचा. त्यानं माझा नंबर घेतला आणि अधूनमधून फोन करू लागला. एकदा त्यानं मला वाढप्यांचं सगळं नीट समजावून सांगायला लावलं आणि मधे एकदाही जांभई दिली नाही. आमच्या घरात आजवर हे कोणालाच जमलं नव्हतं. मी मनातल्या मनात पुण्यात भाड्याची घरं बघायला लागले होते.

त्यांचं उत्तर मात्र येईना. आधी मार्गशीर्ष संपू दे म्हणाले. मग पौष लागला, आणि पौषात कोण असलं बोलतं? संक्रांत झाली, शिमगा झाला, तरी घोंगडं भिजतच. श्रीनिवासला विचारलं की म्हणायचा, “आई बघते गं ते. काळजी करू नको.” माझ्या पानावरची ओळही हलत नव्हती.

तशात मुलींच्या आईबापांच्या तक्रारी वाढल्या. मुलांच्या पत्रिका धडाधड फिरताहेत आणि आमची मुलगी तिथंच, असं सगळ्यांचं म्हणणं. सारंग सर वैतागले. “हेमांगी, काढ ते कुलूप. मुलींचंही एकदम होऊ दे सगळं. आठ वाढपी काय फक्त मुलांच्या पंगतीला ठेवलेत?”

“काकूंना नको आहे, सर.”

“आणि तुला?”

मलाही नको होतं. कुलूप काढलं असतं, तर माझी पत्रिका दुसऱ्याच दिवशी आणखी कुठंतरी गेली असती, आणि ते इस्लामपूरला कळलं असतं. मी सरांना चांगल्या घरच्या रीतींवर एक छोटं भाषण दिलं. काकूंनी ते ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

चैत्रातली दुपार होती. साइटचं काहीतरी बिनसलं म्हणून मी काकूंकडे गेले होते. काकू आत चहा टाकत होत्या. त्यांचा फोन टेबलावर वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून तो कायम स्पीकरवर. आतून त्या ओरडल्या, “घे गं, साइटचंच असेल कुणाचं तरी.”

मी घेतला.

“काकू का?”

“काकू आत आहेत. मी साइटचं बघते. काय काम होतं?”

“बरं झालं, तुमच्याशीच काम आहे. अहो, ते ‘कळवतो’चं बटण आहे ना…”

लिंबाचं कौतुक करणारा आवाज. मी लगेच ओळखला. त्यांनी मला ओळखायचं कारणच नव्हतं. पोह्यांच्या दिवशी मी त्यांच्यासमोर दोन वाक्यं बोलले असेन नसेन.

“काय झालं त्याचं?”

“दर पंधरवड्याला तुमचा मेसेज येतो, उत्तर द्या म्हणून. मग एकेकीचं पान उघडायचं, ‘कळवतो’ दाबायचं, पुन्हा पुढचीचं उघडायचं. सहा जणी आहेत हो. माझी बोटं दुखतात आधीच. एकदा दाबलं की सगळ्यांना ‘कळवतो’ जाईल, असं काही करता येतं का?”

आत चहाच्या पातेल्यात चमचा फिरत होता. माझा हात वहीवर होता, आणि मी खरंच त्यावर ‘सहा’ असं लिहिलं. सवय.

“यातल्या कोणाला नकार द्यायचा आहे का?” मी विचारलं. “म्हणजे तेवढं दाबायचं कमी होईल.”

“नाही, नाही. नकार कशाला? फलटणची एक डॉक्टर आहे, तिच्याशी बोलणं चाललंय. ते पक्कं झालं की बाकीच्यांचं बघू. नाही झालं तर हाताशी असलेल्या बऱ्या. तुमच्या सांगलीचीच एक आहे, कॉम्प्युटरवाली. दिसायला बेताची आहे, पण नोकरी आहे आणि उलटून बोलत नाही. आमच्याकडे असली म्हणजे पत्रिका दुसरीकडे जात नाही ना? काकू म्हणाल्या होत्या तसं.”

“नाही जात.”

“छान सोय केलीय हो तुम्ही. तेवढं एका बटणाचं बघा.”

“बघते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

काकू चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून कपबशा खाली ठेवल्या. “कोण होतं?”

“इस्लामपूर. सहा जणी धरून ठेवल्यात त्यांनी. मी धरून. तुम्हाला ठाऊक होतं?”

काकूंनी पदरानं टेबल पुसलं, जे स्वच्छच होतं.

“असतंच गं तसं. मुलाकडचे चार बघतातच.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगून काय केलं असतंस? झुरली असतीस. घर चांगलं आहे. मुलगा सरळ आहे. फलटणचं फिसकटलं तर तुझंच होईल. मी तुझ्याचसाठी धरून ठेवलं.”

“तुम्ही नाही धरलं, काकू. धरायचा प्रोग्रॅम मी लिहिला.”

“चहा घे,” त्या म्हणाल्या.

मी चहा न घेता बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली उभं राहून श्रीनिवासला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर आला. तसा तो चांगलाच होता.

“सहा जणी?” त्याला आकडा नवा वाटला नाही. “अगं, ते आईचं चालू असतं. मला तर तूच… हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. सगळेच करतात. तुझी सुद्धा पत्रिका दहा ठिकाणी असेलच की.”

“नाही. माझी एकाच ठिकाणी होती.”

तो म्हणाला, “मी आईशी बोलून कळवतो.”

संध्याकाळी घरी मी सगळं सांगितलं. आई लसूण सोलत होती, तशीच सोलत राहिली. “नकार तर नाही ना दिला त्यांनी?” एवढंच म्हणाली.

बाबा मात्र उठून उभे राहिले. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात साहेबापुढे मान वर केली नाही, असं आई म्हणायची, पण माझ्यासाठी ते नेहमी उभे राहिले होते. मला कॉम्प्युटर शिकायला घालताना सगळ्या भावकीशी ते एकटे भांडले होते.

“सहा पोरी दावणीला बांधल्यात?” ते म्हणाले. “आपण कशाला थांबायचं? आपणच नकार देऊ.”

“मुलीकडून नकार द्यायची सोयच नाही, बाबा. मी ठेवलीच नाही.”

“मग ठेव! तुझ्या हातात आहे ना? दे नकार, मी आहे.”

“तुमचं काय जातंय बोलायला,” आई म्हणाली.

“मी आहे म्हटलं ना,” बाबा म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यात आधी पोचले आणि ते बटण केलं. एवढंसं काम. मुलीच्या पानावर ‘उत्तराची प्रतीक्षा आहे’च्या खाली एक बटण: ‘आम्हाला पुढे जायचं नाही’. ते दाबलं की मुलाकडे तसा मेसेज जाणार, कुलूप निघणार, आणि वाढपी पुढची चिठ्ठी उचलणार. फक्त माझ्यापुरतं करता आलं असतं. मी सगळ्यांना केलं. सरांना विचारलं नाही, काकूंनाही नाही. बटण चालू केलं आणि पहिल्यांदा मीच दाबलं.

मग दुसरी कामं करत बसले. थोड्या वेळानं सहज रांगेकडे बघितलं, तर मुलींच्या कामांत हालचाल. विट्याच्या एकीनं दाबलं होतं. मग कराडच्या. मग मिरजेच्या दोघींनी, बहुतेक बहिणीच. कुणी कुणाला सांगितलं देव जाणे, पण दुपारपर्यंत कुलपं पटापट निघायला लागली. महिनोन्‌महिने अडकलेल्या चिठ्ठ्या सुटल्या आणि आठही वाढपी एका वेळी मुलींच्या पंगतीत धावायला लागले. एक पान तयार होतंय, दुसरं निघतंय, तिसरं पोचलंय. असं ते यंत्र पूर्ण जोरानं चालताना मी त्या दिवशीच बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा पोरगा म्हणाला, “मॅडम, सर्व्हर पडला का?” मी म्हटलं, “नाही रे, पहिल्यांदाच उठलाय.”

पुढच्या सकाळी काकूंनी बोलावून घेतलं. मी गेले तर फोन वाजतच होता आणि त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा. “हात दाखवून अवलक्षण केलंस,” त्या म्हणाल्या. “बस तिथं. ऐक.”

मला वाटलं, मुलांच्या आया ओरडत असतील. त्यांची मी तयारी करून आले होते.

फोन मुलींच्या घरचे होते.

विट्याच्या मुलीचा बाप म्हणाला, “काकू, आमच्या पोरीकडून चुकून दाबलं गेलं बघा. परत घ्यायचं.” कराडची आई रडत होती. तिनं मुलीचा मोबाइल काढून घेतला होता, हे ती दोनदा सांगत होती. मिरजेचे काका म्हणाले, “दोघी येड्या आहेत, त्यांना काय कळतंय? पाहुण्यांना सांगा, मशिनची चूक झाली.” काकू प्रत्येकाला “बघते, बघते” म्हणत होत्या. मधे सारंग सरांचा फोन आला. बटण त्यांनी काढून टाकलं होतं आणि माझ्याशी नंतर बोलणार होते.

“बघितलंस?” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. “पोरी धरून ठेवल्यात म्हणत होतीस. मी कुणाला धरलंय गं?”

फोन पुन्हा वाजला. काकूंनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, तसाच घेतला.

“काकू, नमस्कार,” बाबा म्हणाले.

मी खुर्चीत ताठ बसले. मला वाटलं, बाबा आता त्यांना सुनावणार. विट्याच्या आणि मिरजेच्या सगळ्या बापांच्या वाट्याचं माझा बाप बोलणार. मी काकूंकडे बघून हसले सुद्धा.

“काल संध्याकाळी इस्लामपूरच्या बाईंचा फोन आला होता,” बाबा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. “फार बोलल्या. बरोबरच आहे त्यांचं. तर मी काय म्हणतो… ते आमच्या हेमांगीकडून चुकून झालं. दिवसभर त्या यंत्रापुढं असते, लागतो कुठंतरी हात.”

“हो का,” काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“मी तुमच्याशी बोललोय म्हणून तिला सांगू नका. एवढं परत घ्या. त्यांना सांगा, आम्ही थांबतो. लागेल तेवढं थांबतो. पोरगी साधी आहे हो आमची, तिच्या मनात तसलं काही नसतं.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पुढे होऊन नुसतं “बाबा” म्हटलं असतं, तर ते तिथल्या तिथं मेले असते. म्हणून मी तोंडावर हात धरून बसले, आणि ते काकूंचे तीनतीनदा आभार मानून फोन ठेवेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला.